सोमवारच्या चिठ्ठीवरचा शेरा

पल्लवी बाईंच्या वर्गात एक मुलगी रडत होती आणि आमचे केंद्रप्रमुख खूश झाले होते.

मी व्हरांड्यात उभी राहून खिडकीतून बघत होते. हातात तिसरीच्या वह्यांचा गठ्ठा होता, म्हणजे कोणी पाहिलं तरी कामात आहे असं वाटावं. आत ती चौथीची मुलगी सांगत होती की तिची शेळी विकली आणि घरात कोणी तिला विचारलंसुद्धा नाही. शेजारची मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाकीचा वर्ग चिडीचूप. पल्लवी बाई काहीच करत नव्हत्या. नुसत्या बसून ऐकत होत्या. आणि साहेब वहीत भराभर लिहीत होते.

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. आमची जिल्हा परिषदेची शाळा लोणावळ्याजवळच्या भाजे गावाच्या पुढच्या एका वाडीत आहे. चार वर्ग, चार शिक्षक. त्या वर्षी आम्हाला सामाजिक-भावनिक शिक्षणाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. राग आला तर राग आला असं म्हणता यावं, समोरच्याला काय होतंय ते ओळखता यावं, भांडण झालं तर मिटवता यावं. हे भाषा-गणितासारखंच वर्गात शिकवायचं. त्यातला एक उपक्रम होता डब्याचा. वर्गात एक डबा ठेवायचा, मुलांनी मनातलं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. शुक्रवारी, ज्यांची हरकत नसेल त्यांच्या चिठ्ठ्या नाव न घेता वाचायच्या. शिक्षकानेही आपली चिठ्ठी टाकायची. हे शेवटचं मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं आणि तिथेच ठेवून आले होते.

साहेब मग माझ्या वर्गात आले. डबा उघडला. दहा-बारा चिठ्ठ्या वाचल्या. 'आज मला छान वाटते.' 'आज मला आनंद वाटतो.' 'मला शाळा आवडते.' प्रत्येकीखाली लाल पेनाने माझा शेरा आणि सही.

"तुमच्या वर्गात सगळे सुखी दिसतात, मॅडम," साहेब म्हणाले.

"हो सर, मेहनत घेतलीय," मी म्हणाले.

मला ते कौतुकच वाटलं. दोन दिवसांनी निरोप आला की केंद्राच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठ पल्लवी बाई घेतील. शिक्षण परिषद म्हणजे महिन्यातून एकदा सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र जमतात ती. तिथे एकजण सगळ्यांसमोर पाठ घेऊन दाखवतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला तो मान एकदाही मिळाला नव्हता. पल्लवी बाईंची नोकरी सहा वर्षांची, आमच्या शाळेतली दीड.

"नव्याचे नऊ दिवस," मी खिचडीवाल्या मावशींना म्हणाले.

"दीड वरीस झालं की बाई त्यास्नी," मावशी म्हणाल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी जे वागले ते लिहायला आता लाज वाटते, पण लिहिते. पल्लवी बाई काही विचारायला आल्या की मी फोनवर बोलत असल्यासारखं करायचे. त्यांच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की आमचा पाढे म्हणण्याचा आवाज मी वाढवायचे. वर माझ्या वर्गातल्या दोघी-तिघी मधल्या सुट्टीत चौथीच्या दाराशी घुटमळताना दिसायच्या. मी हाक मारली की पांगायच्या. माझी पोरंसुद्धा तिकडे ओढली जातायत हे बघून माझा जीव नुसता जळायचा. त्यांच्या डब्यात असं काय होतं जे माझ्या डब्यात नव्हतं? दोन्ही डबे एकाच दुकानातले. बिस्किटांचे.

शेवटी एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी ते केलं. चौथीचा वर्ग खिचडीला बसला होता, पल्लवी बाई वाढत होत्या. मी त्यांच्या वर्गात गेले आणि डबा उघडला.

पहिल्या तीन-चार चिठ्ठ्या त्यांच्याच मुलांच्या. पाचवी चिठ्ठी हातात घेतली आणि थांबले. ते अक्षर मी रोज तपासत होते. 'म'ची गाठ उलटी. ती सायलीची चिठ्ठी होती, माझ्या वर्गातल्या.

सायलीबद्दल सांगायला हवं. हुशार पोरगी, पण सोमवारी दांडी ठरलेली. जूनपासून मी तिच्या आजीला तीनदा बोलावून सुनावलं होतं. मग ती सोमवारी यायला लागली, पण यायची म्हणजे नुसती बाकावर असायची. खिचडीचं ताट तसंच परत. आई-बापाची काही भानगड असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'माझी आई वलवणला बंगल्यावर कामाला आहे. तिकडंच राहती. शनिवार रविवार पाव्हणे असतात म्हणून तिला सोमवारी सुट्टी. रविवारी रात्री मी झोपल्यावर येती. मी शाळेत येते तवा ती झोपलेली असती. मी घरी जाते तवा ती गेलेली असती. आमच्या बाईंना सांगू नका. त्या शेरा लिहितील.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. लोणावळ्याच्या बाजूला निम्म्या गावाचं पोट शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालतं. त्यांची सुट्टी सोमवारी, हे मला, इथे अकरा वर्षं काढलेल्या बाईला, सुचूही नये?

"ताई?"

दारात पल्लवी बाई. हातात खिचडीचा डाव तसाच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी आधी डबा पाठीमागे घेतला, मग तो लपण्याएवढा लहान नाही हे लक्षात येऊन टेबलावर ठेवला.

"माझ्या वर्गातल्या मुली तुमच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात?" मी विचारलं. चोरी माझी आणि आवाज माझाच वर.

"हो ताई. तिघी टाकतात."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मी दोनदा आले होते तुमच्याकडे. तुम्ही फोनवर होतात." त्यांनी डाव टेबलावर ठेवला. "आणि सायलीला शब्द दिला होता, तुम्हाला सांगणार नाही म्हणून. ती तयार होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं मी. चुकलं असेल."

त्यांनी 'डबा का उघडलात' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मी वर्गात आले आणि कपाटातली फाईल काढली. आमच्याकडे तपासणीला पुरावा लागतो, म्हणून वाचून झालेली प्रत्येक चिठ्ठी मी पंच करून फाईलला लावली होती. मागे मागे जात राहिले. जुलैमधल्या चिठ्ठ्या अशा होत्या: 'मला भावाचा राग येतो.' खाली माझा शेरा: 'राग करणे वाईट. भावावर प्रेम करावे.' 'मला काळोखाची भीती वाटते.' शेरा: 'भिऊ नये. धीट व्हावे.' मग सायलीची: 'सोमवारी मला रडू येतं.' खाली लाल पेनाने, तारखेसकट: 'रडू नये. सोमवार आठवड्याचा पहिला दिवस. उत्साहाने शाळेत यावे.'

ऑगस्टपासून सगळ्यांना छान वाटत होतं.

सव्वीस वर्षं मुलांच्या हातून आलेला एकही कागद मी शेऱ्याशिवाय परत दिलेला नाही. बिनशेऱ्याचा कागद म्हणजे कामचुकारपणा, असंच आम्हाला शिकवलेलं. मुलांनी मन लिहून दिलं आणि मी ते गृहपाठासारखं तपासलं. मुलं बिचारी हुशार. कोणत्या उत्तराला 'छान' मिळतं ते त्यांनी महिन्याभरात ओळखलं.

आता सायलीचं काय करायचं? शब्द दिला होता तो पल्लवी बाईंनी, तो मोडून चालणार नव्हता. आणि सोमवारी घरी राहा असं मी तिला सांगू शकत नव्हते.

आमच्याकडे खिचडी मुलांना वाढण्याआधी कोणीतरी चाखायची असते. एक शिक्षक आणि एक पालक, पाळीपाळीने. त्याची चव नोंदवही असते. बहुतेक शाळांत पालक येत नाहीत आणि वही पुढे-मागे भरली जाते. आमचीही तशीच होती. मी ती वही मागून घेतली आणि सोमवारी सकाळी शाळेआधी सायलीच्या घरापर्यंत गाडी काढली. सायली नळावर गेली होती. तिची आई, संगीता, डोळे चोळत बाहेर आली. मला बघून घाबरली.

"पोरीनं काय क्येलं का बाई?"

"नाही. खिचडी चाखायला पालक लागतो. तुमची पाळी आहे. आज दीड वाजता यायचं, चाखायची, सही करायची. आणि मुलीच्या पंगतीला बसून जेवायचं."

"आज हाय व्हय पाळी?"

"दर सोमवारी आहे."

"दर सोमवारी माजीच कशी वो?"

"तिसरीचा नियम आहे."

"आसा कसला नियम?"

"नवीन आलाय," मी म्हणाले.

त्या दुपारी संगीता दीडला हजर होती. नवी साडी नेसून. चमचाभर खिचडी खाऊन तिने वहीत लिहिलं, 'मीठ बरोबर आहे,' आणि सही केली. सायलीने तिला बघितलं आणि ती जागची हलली नाही. मग हळूच सरकून शेजारी जागा केली. दोघी जेवल्या. तीनच्या गाडीला संगीता मळवली स्टेशनाकडे निघेपर्यंत मी तिसरीची मधली सुट्टी जरा लांबवली. ताट पहिल्यांदा पुसून निघालं.

आता हे सगळं मी केलं, हे खरं. पण परिषदेत काय झालं ते ऐका. पल्लवी बाईंचा पाठ सुरेख झाला. तो संपल्यावर साहेबांनी माइक घेतला आणि आमच्या चव नोंदवहीतल्या सोमवारच्या सह्यांचा दाखला देत पालकाला पंगतीला बसवण्याच्या कल्पनेचं भरभरून कौतुक केलं. पल्लवी बाईंचं नाव घेऊन. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात पल्लवी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, ती कल्पना माझी नाही, ताईंची आहे." सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, टाळ्या वाजल्या.

बरं वाटायला हवं होतं. मला जास्तच जळफळाट झाला. बाई शिकवतात चांगल्या, वर मनानेही चांगल्या. मग माणसाने नावं ठेवायची तरी कशाला?

त्या शुक्रवारी मी माझ्या डब्यात पहिल्यांदा स्वतःची चिठ्ठी टाकली. त्याआधी वर्गाला सांगितलं होतं की यापुढे चिठ्ठ्यांवर शेरा नाही, फाईल नाही. पोरांचा विश्वास बसलेला दिसला नाही. चिठ्ठ्या वाचायची पाळी त्या आठवड्यात सायलीची होती. दोन 'छान वाटते' झाल्या. तिसरी तिने उघडली, अक्षर ओळखलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तिने वाचलं, "मला एका बाईंचा हेवा वाटतो. त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. मी त्यांच्याशी नीट वागले नाही."

वर्गात कोणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या पोराने माझ्या टेबलावरच्या लाल पेनाकडे बघितलं. सायलीने चिठ्ठीची घडी घातली.

"बाई, ह्येच्यावर बी काय लिवायचं न्हाई ना?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि तिने पुढची चिठ्ठी उघडली.

पुढच्या शुक्रवारी डब्यात एक चिठ्ठी निघाली, उलट्या गाठीच्या 'म'ची. माझ्या डब्यात. तिच्यात काय होतं ते सांगणार नाही.

एवढं मात्र शिकले की मन हा तपासायचा विषय नाही. हेव्याचं म्हणाल तर तो आहे तसाच आहे. पुढच्या वर्षी पल्लवी बाईंची बदली होणार म्हणतात. मी ऑफिसात जाऊन चौकशी केली नाही, असं म्हणणार नाही. क्लार्क म्हणाला, यादीत नाव नाही. परत येताना वाटेत त्यांच्यासाठी चिक्की घेतली.