न दिसणारी एरियल

मंडळी, नव्या एरियलवर गाडीचा रेडिओ स्वच्छ लागतो, असं मेकॅनिक इक्बालभाईंनी आज सकाळी ती बसवताना सांगितलं आणि ते खरं आहे. जुनी, ओढून वर करायची दांडी गंजली होती. नवी पट्टी पुढच्या काचेला आतून चिकटवलेली. बाहेरून दिसतच नाही.

बायको गेल्यापासून संध्याकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून रेडिओ ऐकतो. घरात ऐकवत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे चोप्राजी बाल्कनीतून वर केलेली दांडी बघायचे आणि खाली येऊन शेजारी बसायचे. नोएडात माझ्याशी रोज बोलणारे तेवढेच.

आज बातम्या संपल्या, गाणी संपली. कोणी आलं नाही.

नंतर ते लिफ्टपाशी भेटले. "जोशीसाहब, एंटीना नहीं दिखा। मैंने सोचा, बेटी के पास पूना चले गए।"

"बिना बताए?"

"आप बताते कब हो, यार।"

बरोबर होतं. मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. दांडी वर केली की ते येत.

उद्या संध्याकाळी त्यांच्या दाराची बेल वाजवणार आहे. काय म्हणून बोलवायचं, ते अजून सुचलेलं नाही. तुम्ही शेजाऱ्याला बोलवताना काय म्हणता?