रुमालापुरती जागा

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आणायची पद्धत नव्हती. चप्पल एक नंबर मोठी, शर्ट खांद्यावरून उतरणारा, शाळेची चड्डी करदोट्यात आवळलेली. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता आणि मी सोळाचा. तेव्हापासून त्याची सगळी खरेदी माझ्याकडे आली. आई दारातून सांगायची, वाढत्या अंगाचं घे, आणि मी घेत आलो. बुटात पुढे कापूस कोंबून तो शाळेत जायचा. बूट पायाला बसेपर्यंत तळ झिजलेला असायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळे म्हणू लागले की तो कुणाचं ऐकत नसे.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी त्याला एका बियाणे कंपनीत नोकरी लागली. शेतकऱ्यांनी बियाण्यासाठी लावलेले कपाशीचे प्लॉट गावोगाव फिरून बघायचे, म्हणजे रोज पन्नास-साठ किलोमीटर मोटारसायकल. मी जुन्या जालन्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्याच उन्हाळ्यात आमचे एक सहकारी मंठा रस्त्यावर स्कूटर घसरून गेले. डोकं सोडलं तर अंगावर कुठे खरचटलंही नव्हतं. त्यांना बघून आलो आणि घरी जाहीर केलं, हेल्मेटशिवाय हा गावाबाहेर पाऊल टाकणार नाही.

त्या काळी जालन्यात हेल्मेट घातलेला माणूस दिसला की लोक वळून बघत. कायदा होता, पण कागदावर. भावाचे मित्र त्याला म्हणाले, आता डोक्यावर हंडा घेऊन फिर. तो हसला आणि माझ्या गाडीवर मागे बसून बाजारात आला.

माझा एक दोष इथेच सांगतो. वस्तू पारखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही असं मला वाटायचं. आयएसआयचा शिक्का बघितल्याशिवाय मी घरात साधी इस्त्रीही आणली नव्हती. मस्तगडला रस्त्याच्या कडेला एकजण चादरीवर हेल्मेटं मांडून बसला होता. प्रत्येकावर शिक्का होता. मी नखाने खरवडला तर तो टिकलीसारखा निघून आला. त्या विक्रेत्याला मी भर रस्त्यात दहा मिनिटं झापलं. भाऊ शरमेने बाजूला जाऊन उभा राहिला, आणि मला मात्र फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

मग नवीन जालन्यात स्टेशनकडच्या एका दुकानात गेलो. तिथला माल खरा होता. मी शिक्क्याखालचा क्रमांक वाचला, आतला थर्माकोल अंगठ्याने दाबून पाहिला, पट्टा दोन्ही हातांनी ओढला. दुकानदार शांतपणे बघत होता. शेवटी एक हेल्मेट पसंत पडलं आणि भावाने ते डोक्यावर चढवलं. गाल जरा दाबले गेले होते.

"दादा, हे बराबर बसून राह्यलं," तो म्हणाला.

मला ते पटलं नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. आमच्याकडे उन्हात निघायचं तर डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय कुणी निघत नाही. तोही दोन पदरी, कानावरून घेतलेला. मी विचारलं, रुमाल कुठे मावणार? डोकं आवळून घेरी आली तर? मी स्वतःचा रुमाल काढून त्याला बांधला आणि एक नंबर मोठं हेल्मेट मागवलं. ते रुमालावर छान बसलं.

दुकानदार म्हणाला, "सर, रुमाल न्हाई बांधला त हे फिरते डोक्यात. घट्टच पाह्यजे. लहान न्या."

मी त्याला ऐकवलं की मी विज्ञानाचा शिक्षक आहे. भावाने हातातलं लहान हेल्मेट एकवार बघितलं आणि परत फळीवर ठेवलं. तेवीस वर्षांचा होता तो. त्याचं अंग आता कुठे वाढणार होतं? पण मला ते सुचलंच नाही.

तो रोज हेल्मेट घालायचा, पट्टा लावायचा. मी दारात उभा राहून बघायचो.

भाद्रपदात कपाशीच्या प्लॉटवरची कामं ऐन भरात येतात. आभाळ भरलेलं असायचं, ऊन नव्हतं, त्यामुळे रुमाल खुंटीला लटकत होता. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, अंबड रस्त्यावर मुरमाने भरलेली एक ट्रॉली बिघडून उभी होती. मागे दिवा नव्हता, साधी फांदीही लावलेली नव्हती. तो तिच्या कोपऱ्याला धडकून बाजूच्या खडीवर पडला. मी दवाखान्यात पोचलो तोवर त्याला पांढऱ्या चादरीने झाकलं होतं.

त्याला घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने माझ्या हातात हेल्मेट दिलं. ते नालीत पडलेलं सापडलं होतं. थोडा चिखल होता, बाकी चरा नाही. आणि पट्टा लावलेला होता.

पट्टा लावलेला असताना हेल्मेट डोक्यावरून निघालं कसं, हे समजायला मला एक क्षणही लागला नाही. मी व्हरांड्यात एकटाच होतो. पट्ट्याचा खटका दाबून मी तो सोडवला. का सोडवला, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. थोड्या वेळाने पोलीस आले, त्यांनी हेल्मेट उलटसुलट केलं आणि म्हणाले की पट्टा लावला नसावा, पोरं लावत नाहीत. मी काही बोललो नाही. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

दहाव्याला जमलेल्या पाहुण्यांनी तेच म्हटलं. मोठ्या भावाने एवढं हिंडून चांगलं हेल्मेट आणून दिलं, पण याला साधा पट्टा लावायचा कंटाळा. आईने ते ऐकलं आणि धरून ठेवलं. दुःखापेक्षा राग सोपा जात असावा. त्याचा फोटो तिने भिंतीवर लावू दिला नाही. पितृपक्षात त्याच्या नावाचं पान वाढतानाही ती म्हणायची, "मोठ्या भावाचं ऐकलं असतं त आज माझ्यासमोर बसून जेवला असता." मी समोरच असायचो. मान खाली घालून भात कालवायचो. मला स्वतःची किळस येत होती, तरी घास गिळत होतो. असं आठ वर्षं चाललं.

मग एका जानेवारीत शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह आला आणि मुख्याध्यापकांनी बोलायचं माझ्यावर सोपवलं. घरात असं घडलेला माणूस बोलला तर मुलांवर परिणाम होईल, हा त्यांचा हिशेब. शिक्का कसा ओळखायचा ते मी झकास सांगितलं. पट्ट्याचं सांगितलं. मग नियमाप्रमाणे हेही सांगावं लागलं की हेल्मेट डोक्याला घट्ट बसलं पाहिजे, मान हलवली तर हलता कामा नये. तिथे मी वाक्य अर्धवट सोडलं. मुलांना वाटलं मी भावाच्या आठवणीने थांबलो. काही जणींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून मला जागेवरून पळून जावंसं वाटलं.

घरी आलो. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दुकानदाराचं, लहान हेल्मेटचं, रुमालाचं, दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सोडवलेल्या पट्ट्याचं. ती शिव्या देईल, ऊर बडवून घेईल, अशी मनाची तयारी करून मी गेलो होतो.

तिचे हात थांबले. "म्हंजे पट्टा लावला व्हता त्यानं."

"हो."

"तुला बराबर दिसला?"

"मीच सोडवला, आई."

तिने मांडीवरच्या शेंगा खाली ठेवल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता.

"मी दरसाली त्याच्या पानापाशी बसून त्याला बोल लावत व्हते," ती म्हणाली, "तव्हा तू तिथंच जेवत व्हतास."

मी हो म्हणालो.