शिमोन माळ्याच्या देवदाराचा शेंडा

मार्था आज सकाळी गेली, आणि मला आधी हायसं वाटलं.

रडू नंतर आलं. खोटं कशाला लिहू?

नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी टाइप करते." नको म्हटलं. हे एका बोटानं का होईना, मीच लिहिणार.

नगरच्या लष्करी कॅम्पाच्या कडेची ती मोठी बाग आता निम्मीसुद्धा उरलेली नाही. आमच्या लहानपणी तिचं दुसरं टोक दिसायचं नाही. निजामशाहीतल्या खापरी नळांचं पाणी तिथल्या हौदात पडायचं. चिंचांवर राघूंची शाळा भरायची. रविवारी गोऱ्या पलटणीचा बँड वाजायचा आणि अख्खं नगर नटूनथटून हजर!
बेचाळीस साली पुढाऱ्यांना किल्ल्यात कोंडलं, तेव्हा लोक बागेत यायचे ते किल्ल्याकडे तोंड करून बसायला.

मार्थाचे वडील शिमोन तिथले माळी. राहायचे बागेतल्याच क्वार्टरमध्ये. आई नव्हती. लेकीला त्यांनी कलमं बांधायलासुद्धा शिकवलं होतं. बारा वर्षांची मार्था नुसत्या वासावरून झाड ओळखायची.

आणि मी, कॅम्पाच्या कचेरीतल्या क्लार्कची सुमन, तिची जिवाभावाची मैत्रीण. आमच्या घरात मात्र तिला पायरीपर्यंतच प्रवेश.

गणपतीला एकवीस पत्री लागतात. आमच्या आळीतल्या घरांना त्या शिमोन माळी बागेतून द्यायचे, लेक आणून पोचवायची. आई त्यांवर पाणी शिंपडून आत घ्यायची. ख्रिस्ती पोरीच्या हातची पत्री देवाला चालायची, पण पाणी शिंपडल्यावर!

दरवर्षी वीसच भरायच्या. देवदार नसायचा. नगरच्या उन्हात देवदार कुठून येणार? भटजी त्या जागी अक्षता वाहायला सांगायचे. देव काही रुसत नव्हता.

पण बागेत एक देवदार होता. साहेबाच्या मडमेनं सिमल्याहून आणलेला, माझ्या कमरेएवढा. शिमोन माळी वैशाखात त्याच्याभोवती ओली पोती बांधायचे.

सत्तेचाळीसच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या काकूंपुढे मिरवायला मला एकवीसच्या एकवीस हव्या होत्या.

मार्था म्हणाली, "त्येवढं सोडून काय बी माग, सुमे. आबाचा लई जीव हाय त्याच्यावर."

मी रुसले. आणि सगळे बँडपाशी असताना एकटीच वेलींच्या मांडवामागे, देवदारापाशी गेले. फांदी घ्यायची सोडून शेंडाच मोडला. देवाला कोवळं द्यावं, एवढीच माझी अक्कल. शेंडा गेला की ते झाड पुन्हा सरळ वाढत नाही, हे मला कुठे ठाऊक?

आईला सांगितलं, "मार्थानं दिला."

दोन शब्द.

चतुर्थीच्या सकाळी शिमोन माळी लेकीला घेऊन दारात फुलं द्यायला आले. मोडका शेंडा त्यांनी पहाटेच पाहिला होता. चेहरा उतरलेला. आमची आई बिचारी कौतुकानं बाहेर आली.

"शिमोन, यंदा एकवीसच्या एकवीस झाल्या बरं! देवदारसुद्धा! तुझ्या मार्थानं अगदी मन राखलं."

त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"म्या न्हाई दिला, आबा," मार्था म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान खाली घातली.

शिमोन माळी एवढंच म्हणाले, "चल."

साहेबाला त्यांनी सांगितलं, पाणी घालताना आपलाच धक्का लागला. लेकीला पाठीशी घातलं. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. आठ दिवसांत बैलगाडीत सामान भरलं आणि राहुरीकडे कुणाच्या मळ्यात राबायला गेले. मार्थाची शाळा सुटली ती सुटलीच.

निघताना ती पळत माझ्याकडे आली.

"नोकरी गेली ती गेली, सुमे. पन आबाला यकदा सांग. त्याला वाटतंय, मी खोटं बोलले."

"सांगते," म्हटलं. गाडी फाटकाशी उभी होती. दहा पावलं चालायची होती. मी चालले नाही.

एकोणपन्नास साली तिचं कार्ड आलं. "आबा अंथरुणावर आहेत. मला त्यांनी परत झाडाला हात लावू दिला नाही. एकदा येऊन जा."

राहुरी काही लंडनला नाही. पण मी आईला म्हटलं, मॅट्रिकचा अभ्यास आहे. कार्ड वहीत दडवलं. महिन्याभरात आबा गेले.

मी पुढे शिक्षिका झाले. छत्तीस वर्षं पोरांना "खरं बोलावं" शिकवलं. आता हसा.

म्हातारपणी ती लेकाकडे, इथे नगरातच सावेडीला आली. योगायोगानं आम्ही भेटलो, रोज सोबत फिरलो. तिनं तो विषय एकदाही काढला नाही. मीही नाही. रोज वाटायचं, आज बोलू. मग म्हणायचे, "मार्थे, चहा घेऊ या."

आज तिच्या लेकाला फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो मग म्हणाला, "पण मावशी, आई तर आम्हाला सांगायची, तो शेंडा तिनंच मोडला होता. मैत्रिणीच्या गणपतीला हवा होता म्हणून."

ज्यासाठी बापानं तिला शेवटपर्यंत खोटारडी मानलं, ते तिनं माझ्यासाठी स्वतःच्या पोरांपुढे अंगावर घेतलं. का, ते मला विचारू नका. मला कळलेलं नाही.

म्हणून तिच्या नातवंडांसाठी सगळ्यांसमोर लिहिते: तुमची आजी आपल्या बापाशी खोटं बोलली नव्हती. खोटं मी बोलले होते.

शिमोनआबा, हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

मार्थे, चार वाजता कबरस्तानात येते. माफी मागायला तोंड नाही. नुसती उभी राहीन.

तुझी सुमी