बगदादला ऐकू जाणारी दोन मिनिटं

माझे बाबा, हेस्केल, इस्रायलमधल्या रमत गनच्या एका लाँड्रीत इस्त्री करायचे. बगदादमध्ये ते उद हे तंतुवाद्य वाजवायचे, लोक घरी बोलवायला यायचे. इथे कुणी विचारत नव्हतं. फक्त गुरुवारी दुपारी रेडिओच्या अरबी वाद्यवृंदात जागा होती. गाण्याआधी दोन मिनिटं एकट्याचा उद. त्या दोन मिनिटांसाठी बाबा आठवडाभर वाफ खायचे.

कारण माझी आत्या साईदा बगदादलाच राहिली होती. दोन्ही देशांचं वैर, इथून तिकडे टपाल जात नाही. लंडनच्या एका नातेवाइकामार्फत चिठ्ठी जाते, पोचली तर पोचली. आत्या रजईत रेडिओ धरून ऐकायची. उद वाजला म्हणजे भाऊ जिवंत.

फेब्रुवारीत आजी, बाबांची आई, गेली. आम्ही सुतकाचे सात दिवस फरशीवर बसलो. आईचं वर्ष सरेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, ही आमच्यातली रीत. सिनेगॉगचे शलोमोकाका दारातच म्हणाले, "हेस्केल, आईची माती ओली आहे अजून. तारा छेडल्या तर तुला लाज नाही म्हणेन."

"नाही छेडल्या तर साईदा समजेल, मी मेलो."

"चिठ्ठी धाड."

"तुम्ही नेऊन देता का, काका?" मी म्हटलं. "तुमचं तोंड बघून सीमेवरचे शिपाई वाट सोडतील."

"आठवीत शाळा सोडलेली पोर मला शिकवणार."

"कुणीतरी शिकवायलाच हवं."

"गप बस," बाबा मला म्हणाले.

गुरुवारी बाबा रेडिओवर वाजवायला गेले. गाणं लग्नाचं होतं. त्याआधी बाबांनी मयताच्या घरी गातात त्या मकामाचे सूर वाजवले, दोन्ही मिनिटं. आई गेली हे बहिणीला सांगायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे?

"लग्नाच्या गाण्याला रडगाणं?" रेडिओवरचा साहेब म्हणाला. "पुढच्या गुरुवारी येऊ नका."

मी भांडायला गेले, मला फाटकातूनच हाकललं. बाबा जिवंत आहेत हे आत्याला कळवायला लंडनला तीन चिठ्ठ्या धाडल्या.

नऊ महिन्यांनी आत्याचं पत्र आलं, लंडनच्याच नातेवाइकामार्फत. आमची एकही चिठ्ठी तिला मिळाली नव्हती.

'आई गेली ते ऐकलं. सात दिवस फरशीवर बसले. मग तुझा उद बंद झाला. चार महिने वाट पाहिली भाऊ, मग तुझ्यासाठीही बसले. म्हणून हे पत्र तुझ्या मुलीला.'

बाबांनी पत्र घडी करून माझ्याकडे दिलं.

"तुझ्या नावावर आहे," म्हणाले, आणि लाँड्रीत गेले.