एकेकाने ओलांडायची उतरण

अमेरिकेतल्या श्रूजबरीहून न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांकडे निघताना काकूंनी डब्यात धपाटे दिले. नेहा ही माझ्या घरमालकीणकाकूंची मुलगी, इथेच जन्मलेली, बर्फातल्या डोंगरांवर फिरण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. मी जुन्नरचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि डोंगर तर त्याआधीपासूनचे.

पायथ्याशी एकजण खाली येताना भेटला. दाढीत बर्फ.

"वर कोणी नाही," तो म्हणाला. "फक्त वारा काम करतोय."

आम्ही फार वर गेलोच नाही. तरी परतताना सकाळची वाट ओळखू येईना. ज्या उघड्या दगडांवरून गेलो होतो, ते गायब. पलीकडच्या अंगाचा बर्फ वाऱ्याने आणून इथे थापला होता. नव्या गादीसारखी गुळगुळीत, फुगीर उतरण. विंड स्लॅब (वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फाचा थर, सुटला की अख्खा घसरतो). नेहाने काठी टोचली. आतून डफासारखा पोकळ आवाज आला. गाडीकडे जायला दुसरी वाट नव्हती.

"दादा, लिसन. एकेकानेच क्रॉस करायचं. मी वाहून गेले तर शेवटची जिथे दिसेन, तिथून नजर हलवायची नाही. तिथून खाली शोधायला लागायचं."

"काहीतरीच काय! हात धरून जाऊ. जीवधन किल्ला चढताना आम्ही साखळीच करतो."

"मग दोघंही बर्फाखाली यार. शोधणार कोण?"

ती निघाली. वारा अचानक पडला. तिच्या जॅकेटची खसखस लांबून ऐकू येत होती. माझा पाय आपोआप पुढे सरकला. तिने मागे न वळताच हात वर केला.

"दादा, नो."

तिला कसं कळलं, मी अजून विचारलेलं नाही.

ती पलीकडच्या झाडांत पोचल्यावर मी निघालो. अर्ध्यावर पायाखालचा बर्फ जरासा खाली बसला, कोणी सुस्कारा सोडावा तसा. मी थांबलो नाही. समोर नेहा पापणी न हलवता उभी होती.

झाडांआड गोठलेले धपाटे चघळत बसलो. वारा पुन्हा घोंगावू लागला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मागे बघ."

उतरण नव्हती. काळे दगड उघडे पडले होते आणि वर करवतीने कापल्यासारखी सरळ कड. आमची पावलं त्या कडेपाशी येऊन संपत होती. एवढं सगळं खाली गेलं, आणि आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं.

घरी येईपर्यंत नेहाच गाडी चालवत होती. डोंगरात सोबत्याचा हात सोडायचा नाही, एवढंच मी लहानपणापासून शिकलो होतो. त्या दिवशी हात धरला असता तर हे लिहायला मी नसतो.

दारात गाडी लावून तिने विचारलं, "मी गेले असते, तर शेवटची कुठे दिसले असते?"

"कुठल्या पावलाला?" मी म्हणालो. मला तिची सगळीच पावलं पाठ होती.