रडू देणारी वयनी

वयनी मुलांना गप्प करत नसे. तिचा वेद रडायला लागला, की ती हातातलं काम तसंच चालू ठेवायची आणि त्याच्याकडे एक नजर टाकून म्हणायची, "रडांदे गो तेका. रडल्यान खंयच्या पोराचो दात किडूक नाय." पोरगं खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, मधोमध पाय आपटत असायचं, कोंबड्या बिचकून माडाखाली जमायच्या, आणि ही शांतपणे सुपारीची परडी हलवत बसलेली. कुणाला वाटेल, किती निष्ठुर बाई! मला तसं वाटत नसे. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या दागिन्यांचा नाही, फ्रीजचा नाही, सरकारी नोकरीतल्या नवऱ्याचाही नाही. ती आपल्या पोराला रडू देऊ शकत होती, त्याचा.

डिचोलीत आम्ही तिच्या घराच्या मागच्या बाजूला भाड्याने राहायचो. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. नवरा औद्योगिक वसाहतीत कायम रात्रपाळीला, मी दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला, पहाटेच्या पाळीला. वयनीच्या सासऱ्यांनी, म्हणजे घरमालकांनी, परसात पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ बांधली होती आणि त्या ओळीत बहुतेक सगळे आमच्यासारखेच. म्हणजे दुपारी दोनला तिथे मध्यरात्र असायची. दर भिंतीपलीकडे एक पुरुष निजलेला. आमच्या खोलीत तर भिंतही मधे नव्हती. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला मी आणि आरू.

आरू तेव्हा तीन वर्षांची. सकाळी तिचा बाप तिला अंगणवाडीत सोडून निजायचा, दुपारी मी पाळी संपवून तिला घेऊन यायचे. तिथून पुढे संध्याकाळपर्यंत माझी खरी ड्युटी, पोरीचा आवाज होऊ न देणं. झोपमोड झालेला माणूस रात्री मशीनवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या बोटांची काळजी बायकोलाच असते. म्हणून आरूने ओठ काढला, की तोंडात बिस्कीट. हुंदका आला, की साखर घातलेल्या दुधाची बाटली. ती बाटली चोखत पोरगी निजायची आणि मग मीही तिच्याशेजारी मेल्यासारखी पडायचे.

पुढच्या बाजूला वयनीचं राज्य वेगळंच. ती पेडण्याची, माहेरची बोली तिने सोडली नव्हती. रोज सकाळी पोदेराकडून पाव घेतले, की ती बल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या पडवीच्या, बाकावर बसायची, वेदचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायची आणि त्याचे दात घासायची. घाई म्हणून नाही. एकेक दात, मागून पुढून, मधेच त्याला काहीतरी सांगत, हसवत. सुट्टीच्या दिवशी नळावर पाणी भरताना मला ते दिसायचं. त्या पोराचे दात तांदळाच्या दाण्यांसारखे होते. कळशी भरून वाहायला लागायची तरी माझी नजर तिकडेच. मनात म्हणायचे, वेळ आहे बाईला! माझ्याकडे एवढा वेळ असता, तर मीसुद्धा पोरीच्या तोंडात देव्हारा मांडला असता.

आरूचे वरचे पुढचे दात आधी पिवळट झाले, मग कडेने तपकिरी, मग काळे. ओळीतल्या बायका म्हणाल्या, दुधाचेच आहेत, पडणारच आहेत. फोनवर सासूबाईही तेच म्हणाल्या. मलाही तेच ऐकायचं होतं. मी पोरीला फोटोत तोंड मिटून हसायला शिकवलं आणि विषय संपवला.

विषय वयनीने उघडला. त्या वर्षी ती माहेरच्या जत्रेला जाऊन आली आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या खोल्यांत खाजं वाटत फिरली. खाजं म्हणजे गुळात घोळवलेल्या, आलं घातलेल्या बेसनाच्या कडक कांड्या. आरूने हौसेने एक तोंडात धरली, चावली आणि अशी किंचाळली, की ओळीतली दोन दारं उघडली. एक बाप्या डोळे चोळत बाहेर आला. मी चटकन पोरीच्या तोंडावर हात ठेवला. वयनीने तो हात बाजूला केला, खाली बसली आणि आरूची हनुवटी वर केली.

"हिचे दात बघलंस काय गो?" ती म्हणाली. "घाटार पोरांका बाटल्येतसून साखर पाजतत?"

घाटार! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पोरीचा गाल सुजला होता, तिथे माझा मान कुठे बघत बसू? दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी कंत्राटी. न सांगता एक खाडा केला, की दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरी बाई उभी. नवरा रात्रपाळी करून आलेला, त्याला धड उभं राहवत नव्हतं. वयनी म्हणाली, "मी घेवन जातंय तिका. तू कामार जा."

त्या दिवशी मी खोक्यांत बाटल्या भरत होते आणि डोळ्यांपुढे आरूचं तोंड होतं. घरी आले तेव्हा ती वयनीच्या खांद्यावर निजली होती, ओठावर कापूस. दोन दात काढले होते. मी हात पुढे केले, तर पोरीने डोळे किलकिले केले, मला पाहिलं आणि पुन्हा तोंड वयनीच्या मानेत खुपसलं. माझी पोर! दुखत असताना दुसरीला बिलगलेली.

"बाकीचे वाचतले म्हणान डॉक्टरान सांगल्यान," वयनी म्हणाली. "पण बाटली बंद. आजपासून."

तेव्हा माझा तोल सुटला. मी म्हणाले, "बंद करा म्हणायला सोपं हाय वयनी. तुमचा वेद रडला तर खळ्यात रडतोय. माझी रडली तर चार भिंतींपलीकडचे चार बाप्ये उठत्यात. तुमच्यासारखं अंगण मला असतं, तर मीबी रडू दिली असती की!"

खळ्यात भाडेकरूंच्या मुलांना मज्जाव होता. वयनीचे सासरे तिथे सुपारी वाळत घालायचे आणि काठी घेऊन राखणीला बसायचे. वयनी आरूला माझ्या हातात देऊन निघून गेली. मला वाटलं, झालं, आता खोली सोडायला सांगतील.

दुसऱ्या दुपारी मी आले, तर वयनी पदर खोचून सुपारीच्या चटया गुंडाळत होती. सासरे काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"मामांनू, सुपारी उद्यापासून गच्चीर सुकत घालूया. खळां पोरांका व्हया."

"भाडेकरूंच्या पोरांका?"

"पोरांका," ती म्हणाली आणि चटई काखेत मारून जिन्याकडे वळली. म्हातारा काठी आपटत आत गेला, पण नाही म्हणाला नाही.

मी उपकार मानून हात जोडायला हवे होते. मी काय विचार करत होते? की ही बाई सासऱ्याला एका शब्दात गप्प करते, आणि मी फोनवरसुद्धा सासूबाईंना "नको" म्हणू शकत नाही. हेव्याला काय, कुठलंही दार चालतं.

बाटली बंद झाल्याची पहिली दुपार मी विसरणार नाही. आरू खळ्यात लोळून रडली. सवयीने मी धावले. वयनीने मला दंडाला धरून बाकावर बसवलं, हातात चहाचा पेला दिला. "बस हंगा. तुजी पोर हरवूची नाय." आरू रडली, ओरडली, धुळीने माखली, आणि मग एका कोंबडीमागे पळाली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी चहा पीत होते. लग्न होऊन गोव्यात आल्यापासून दुपारी कुणी मला बसवून चहा दिला नव्हता.

हळूहळू ओळीतली सगळी पोरं खळ्यात जमू लागली. आरूचे उरलेले दात टिकले. पण त्याची किंमत मी मोजली. सकाळी वेदच्या पाठोपाठ आरूही वयनीच्या मांडीवर डोकं ठेवून आ करायची. सुट्टीच्या दिवशी मी ब्रश घेतला, की ओठ शिवल्यासारखे. मी तशीच मांडी घातली, तशीच गोष्ट सांगितली. पोरगी म्हणाली, "आई, तुझी मांडी टोचते."

एकदा मी वयनीला बोलून दाखवलं, की तुमच्यासारखी मोकळी असते, तर. ती ब्रश धूत होती. तशीच म्हणाली, "माजां बी.एड. झालेलां आसा गो. शाळेत नोकरी गावलेली. ह्यांनी जावक दिल्यानी नाय. दुसरां काय करू? दात घासतंय." मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी वाटलं, म्हणजे वर शिकलेलीसुद्धा आहे!

पुढे नवऱ्याला पेडण्याच्या बाजूला एका नव्या कारखान्यात दिवसपाळी मिळाली आणि आम्ही डिचोली सोडली. टेम्पोत सामान चढलं तरी आरू वयनीचा पदर सोडेना. वयनीने तिची बोटं सोडवली, तिला माझ्या कडेवर दिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. हात हलवायलासुद्धा थांबली नाही. आरू दाराकडे हात पसरून रडली आणि मग दुसरं कुणी नाही म्हटल्यावर माझ्याच गळ्याला मिठी मारून रडत राहिली. टेम्पो पेडण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिला गप्प केलं नाही. वयनीने दार का लावलं, ते मला त्या मिठीत कळलं.

आता आरू सहा वर्षांची आहे. संध्याकाळी बाप कामावरून आला, की त्याच्या फोनवरून वयनीशी व्हिडिओवर बोलते. परवा मी कामावरून येऊन चपला काढते आहे, तोच माझा फोन वाजला.

"काय गो, पेढे खंय?" वयनी हसत होती. "आरूक खालचो पक्को दात इलो मगे! माका दाखयल्यान तिणा. बघलंस तू?"

मी आरूला जवळ ओढलं आणि आ करायला लावलं. खालच्या हिरडीत, दुधाच्या दातामागे, पांढरं टोक वर आलं होतं. मी बोट लावून पाहिलं. टणक होतं, करवतीसारखी कड होती.

"गो, आयकतंस मगे? बघलंस काय?"

"बघितला की," मी म्हणाले. "सकाळीच बघितला."