पैलवान की भुऱ्या

तामलवाडीचा गफार पिंजारी लग्नसराई आली की गावोगाव फिरायचा. छोट्या टेम्पोत कापूस पिंजायचं मशीन, मागं कापसाची पोती आणि पोत्यांवर पैलवान. कुणाच्या तरी अंगणात जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून शिवून द्यायचा, असं त्याचं काम.

पैलवान म्हणजे त्याचं कुत्रं. नळदुर्गच्या एका ढाब्यावर गफार चहाला थांबला होता, तेव्हा ते आपणहून पोत्यांवर चढून बसलं ते उतरलंच नाही. तेव्हाच ते पुरतं वाढलेलं होतं. आधी कुणाचं होतं, हे गफारनं कधी विचारलं नाही. विचारणार तरी कुणाला?

आता पैलवान थकला होता. डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता, मागचे पाय लटपटत होते. शिवाय अलीकडं तो भिंतीकडं तोंड करून तासन् तास उभा राहायचा, वळायचं कसं ते विसरल्यासारखा. यंदा त्याला घरीच ठेवावं असं गफारच्या मनात होतं, पण बायको बेगमबी म्हणाली, "इसको भी लेके जाव जी. तुम नै दिखे तो दिनभर घूमता, कुच खाता नै."

म्हणून नेला. कळंबच्या अलीकडं एका गावात धुरपदाबाईंच्या दारात टेम्पो थांबला. म्हातारी गाद्या दाखवायला बाहेर आली आणि पोत्यांकडं बघून जागीच थबकली.

"आगं बया! भुऱ्या!"

पैलवाननं कान टवकारले. उतरायला धडपडायला लागला. गफारनं उचलून खाली ठेवला, तर लटपटत सरळ म्हातारीकडं गेला आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून बसला.

"मावशी, ह्यो आमचा पैलवान हाय."

"आसंल. पर ह्यो भुऱ्याच. आमच्या मालकांच्या मागं हायवेला गेलता, त्यो परत आलाच न्हाय."

गफार कामाला लागला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुत्रं उंबऱ्यापाशी असं पसरलं होतं, जणू जागा ठरलेलीच. चहा घेऊन आलेली सून शिवांजली हळूच म्हणाली, "काका, मनावर घिऊ नका. भुऱ्या ट्रकखाली गेला म्हणं. आमच्या ह्यांनी आत्यांना सांगितलंच न्हाय."

मग हे हाकेला उठलं कसं?

संध्याकाळी त्यानं हाक मारली, "पैलवान, चल." कुत्रं हललं नाही. उचलून नेणं त्याला सोपं होतं, रोज उचलतच होता. पण आज हात पुढं होईना.

"ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हणाली. "घरला आलंय त्ये."

गफार एकटाच कळंबला मेहुण्याकडं, अल्ताफकडं मुक्कामाला गेला. वाटेत खड्डा आला की सवयीनं मागं वळून बघायचा. जेवण गेलं नाही. आपलं कुत्रं दिलं, की दुसऱ्याचं परत केलं, हेच त्याला ठरवता येईना.

सकाळी तो परत आला, तर धुरपदाबाई दारातच वाट बघत होत्या.

"घिऊन जावा ओ ह्याला. ह्यो आमचा न्हाय."

"काल तर तुम्हीच म्हणलाव..."

"काल वाटलं तसं. रातभर भिताडाकडं तोंड करून हुबा. हाक मारली तरी वळंना. भुऱ्या आसं करत नव्हता."

"म्हातारपणानं करतंय, मावशी. माझ्याकडंबी आसंच करतंय."

"म्हंजी भुऱ्याच म्हणता का तुमी?"

"मला काय म्हाईत?" गफार म्हणाला. आपण कुणाची बाजू घेतोय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

त्यानं कुत्र्याला उचलून पोत्यांवर ठेवलं. म्हातारीनं दुधात कुस्करलेली भाकरी आणून दिली. "माघारी जाताना थांबा," म्हणाली. "पुन्यांदा बगू."

त्यानंतर प्रत्येक फेरीला गफार तिथं थांबू लागला. म्हातारीला कधी तो भुऱ्या वाटायचा, कधी नाही. कुत्रं दोन्ही नावांना शेपूट हलवायचं. कधी एकालाही नाही.

पावसाळ्याआधीची शेवटची फेरी होती. कळंबहून निघून त्या गावाच्या फाट्यावर गफारनं मागं पाहिलं, तर पैलवान पोत्यांवर झोपल्यासारखा गेलेला. घरी न्यावा की इथंच? मग त्यानं टेम्पो गावाकडं वळवला.

म्हातारी खोरं घेऊन आली. तिच्या शेतात बांधाकडेला दोघांनी त्याला पुरला. मातीवर दगड ठेवताना धुरपदाबाई म्हणाल्या, "नाव काय घ्यावं ओ आता?"

गफारनं आणखी एक दगड ठेवला.

घरी आल्यावर बेगमबी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अपना था ना? फिर वहाँ कायको गाडे?"

"मालूम नै," गफार म्हणाला, आणि टेम्पोतली पोती उतरवायला लागला.